निसर्गाचा नियम आणि मुक्तीचा मार्ग

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागातील अलीपूर रस्ता महाराष्ट्रीयांना एका कारणासाठी परिचित आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर या रस्त्यावरील २६ क्रमांकाच्या घरात राहावयास गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे अखेरचे काम त्यांनी तेथेच पूर्ण केले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांची जीवनयात्रा संपली. आज त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभे आहे. तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर राजनिवास मार्ग आहे आणि त्या मार्गावर येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंचे ‘विद्याज्योती’ हे ईशज्ञानाचे महाविद्यालय आहे. दार्जिलिंगच्या डोंगरातील कर्सियांग येथे अनेक दशके चाललेली ही विद्यापीठिका १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी दिल्लीत आली. तोपर्यंत बाबासाहेबांना जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली होती. या दोन शेजाऱ्यांची गाठ पडली नाही. तथापि त्यांतील एकाने जो प्रश्न विचारून ठेवला होता, त्याचेच उत्तर शोधण्यात दुसऱ्याची बरीच वर्षे गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तो प्रश्न कळण्यासाठी कॅथलिक नीतिविचाराची बैठक थोडी पाहावी लागते. या विचाराचा मुख्य आधारस्तंभ म्हणजे निसर्गनियम. येथे निसर्ग म्हणजे वृक्षवेली नव्हेत, आणि नियम म्हणजे सफरचंद खाली पडते तो गुरुत्वाकर्षणाचा नियमही नव्हे. मनुष्याला मनुष्यपण देणारा जो त्याचा स्वभाव, त्यात परमेश्वराने काही एक हेतू व दिशा घालून ठेवलेली आहे. विवेकबुद्धीने ती दिशा ओळखता येते, आणि तिला अनुसरून वागणे म्हणजेच नीती, अशी ही विचारसरणी आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तिला भक्कम रूप दिले. तिचे मोठे आकर्षण असे की, ती कोणाला बायबल हाती घेण्याची अट घालीत नाही. खून वाईट, दिलेला शब्द पाळावा, मुलाबाळांचे संगोपन करावे, या गोष्टी कळण्यास बाप्तिस्मा लागत नाही. हिंदू असो, मुसलमान असो, नास्तिक असो, सर्वांशी एकाच भाषेत बोलता यावे अशी ही सोय आहे.

हा विचार केवळ प्रस्थापितांच्या सोयीचा आहे, असा जो एक समज आहे तो सर्वस्वी खरा नाही. भुकेने प्राण कंठाशी आलेल्या मनुष्याने दुसऱ्याची वस्तू उचलली, तर ती चोरी होत नाही, असे खुद्द थॉमस यांनी लिहून ठेवले आहे. कारण पृथ्वीवरील वस्तू मुळात सर्वांच्या गरजेसाठी आहेत, आणि खाजगी मालकीची व्यवस्था ही त्या मूळ हेतूच्या आड येऊ शकत नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्र काढले, त्यात मालमत्तेचा हक्क निसर्गसिद्ध मानला खरा. पण त्याचबरोबर मालक व मजूर यांनी राजीखुशीने ठरविलेल्या मजुरीपेक्षाही जुना असा एक न्याय आहे, आणि मजुराचा साधेपणाने का होईना निर्वाह चालेल इतकी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, असेही बजावले. योगायोग असा की, त्याच १८९१ साली महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना जन्मतःच समान हक्क दिले आहेत, हा त्यातील सिद्धांत. रोम आणि पुणे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि फुल्यांच्या मागे थॉमस अक्वायनस नसून टॉमस पेन उभा होता. तरीही निर्मात्याने मनुष्यस्वभावात घातलेल्या हक्काकडे बोट दाखवून माणसाने केलेल्या कायद्याला जाब विचारावयाचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

मग अडचण कोठे येते? अडचण ‘स्वभाव’ या शब्दातच आहे. मनुष्याचा स्वभाव कोणता आणि केवळ अंगवळणी पडलेली रूढी कोणती, हे ठरवावयाचे कोणी? सोळाव्या शतकात स्पेनच्या वाय्यादोलिद नगरीत १५५० व १५५१ या दोन वर्षांत याच प्रश्नावर एक प्रसिद्ध वाद झाला. अमेरिकेतील मूळ रहिवासी हे निसर्गतःच दास होण्यास योग्य आहेत, असे ॲरिस्टॉटलच्या आधाराने सेपुल्वेदा नावाचा पंडित सांगत होता. आणि तेही तुमच्याआमच्यासारखे विवेकी मानव आहेत, असे बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू निक्षून सांगत होता. ‘निसर्ग’ हाच शब्द दोघांच्याही ओठी होता. फरक इतकाच की, लास कासासने त्या लोकांचे हाल वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले होते, आणि सेपुल्वेदाने अमेरिकेच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते.

भारतात तर ही अडचण अधिकच बिकट होती. येथे ‘स्वभाव’ हा शब्द शतकानुशतके वर्णव्यवस्थेच्या पदरी चाकरीस होता. ज्याचे जे स्वभावनियत कर्म ते त्याने करावे, या शिकवणीचा अर्थ व्यवहारात असा झाला की, झाडणाऱ्याच्या मुलाने झाडावे आणि कातडे कमावणाऱ्याच्या मुलाने कातडे कमवावे. अशा समाजात एखादा परदेशी मिशनरी येऊन निसर्गनियम सांगू लागला, तर ज्याच्या हाती झाडू दिला गेला होता त्या श्रोत्याच्या मनात संशय यावा, हे स्वाभाविकच होते.

आणि मिशनऱ्यांनी तरी काय केले? रॉबर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस आला. (गोव्याच्या साष्टी प्रांतात फादर स्टीफन्स मराठीतून ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध करीत होते, तोच हा काळ.) नोबिलीने संन्याशाची वस्त्रे धारण केली, संस्कृत व तमिळ भाषा आत्मसात केल्या, आणि उच्चवर्णीयांना त्यांच्याच रीतिभातींनिशी ख्रिस्ती होता येईल असे प्रतिपादन केले. जानवे, गंध, शेंडी ही धर्माची चिन्हे नसून समाजातील दर्जाची चिन्हे आहेत. ती स्वतः पापही नव्हेत आणि पुण्यही नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता. १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी तो बव्हंशी मान्य केला. परकीय संस्कृतीविषयी एवढा आदर दाखविणारा माणूस त्या काळी विरळा, आणि त्याबद्दल नोबिलीची थोरवी मान्य करावयासच हवी. परंतु जानव्याबरोबर जातही त्याच ‘ना पाप ना पुण्य’ या खणात जाऊन बसली. पुढे त्या मिशनमध्ये उच्चवर्णीयांसाठी वेगळे गुरू आणि खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे गुरू, अशी विभागणी झाली. मरणासन्न अस्पृश्याच्या झोपडीत धर्मगुरूने पाऊल टाकावयाचे की नाही, यावर रोममध्ये दीर्घकाळ खल चालला. आणि १७४४ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी जो निकाल दिला, त्यात अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्याची तोड स्वीकारली गेली. मरणाऱ्याला संस्कार मिळाला. उंबरठा मात्र होता तेथेच राहिला. गोव्यातही बामण, चारडो आणि सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने वाहून गेले नाहीत. ते चर्चच्या बंधुमंडळांतून व उत्सवांच्या मानपानांतून टिकून राहिले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. निसर्गनियमाने जातीचे समर्थन केले असे म्हणता येणार नाही. सर्व माणसे एका परमेश्वराची लेकरे आहेत, हे तत्त्व धर्मगुरू दर रविवारी सांगतच होते. चूक झाली ती तत्त्वात नव्हे, नजरेत झाली. जात हा दर्जाचा भेद आहे, राजा व सरदार यांच्यातील भेदासारखा, असे युरोपातून आलेल्या नजरेला वाटले. ती उतरंडीच्या तळाशी असलेल्या मनुष्याच्या अंगावर काय करते, हे वरून दिसत नव्हते. आणि तळच्या मनुष्याला कोणी विचारले नव्हते.

बाबासाहेबांचा प्रश्न नेमका याच ठिकाणी येतो. धर्मांतरित ख्रिस्ती मनुष्याच्या स्थितीवर त्यांनी एक निबंध लिहिला होता. तो त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात समाविष्ट आहे. त्याचा आशय असा: अस्पृश्य मनुष्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगण्यात आले की, तुझी ही दशा तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आहे. तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, मनुष्याची पतित दशा आदिपुरुषाच्या पापामुळे आहे. दोन्ही वेळा दोष त्याच्याच माथी. ज्या परिस्थितीने त्याला चिरडले, ती परिस्थितीच दोषी आहे, हे त्याला कोणीच सांगितले नाही. ईशज्ञानावर इतका नेमका घाव घालणारी टीका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही. आश्चर्य एवढेच की, ती एका कायदेपंडिताने केली, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानावर ती वेळेत पडली.

त्या टीकेला उत्तर देऊ शकेल असा विचार मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उगवला. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले आणि तेथील दारिद्र्याला त्यांनी दैव म्हटले नाही, अन्याय म्हटले. १९७१ साली पेरू देशातील गुस्ताव्हो गुतिएरेझ या धर्मगुरूचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ‘लिबरेशन थिऑलॉजी’, म्हणजे मुक्तीचे ईशज्ञान, हे नाव रूढ झाले. २०२४ च्या ऑक्टोबरात वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गुतिएरेझ निवर्तले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आधी ग्रंथात सिद्धांत ठरवून मग तो गरिबाच्या झोपडीवर लावावयाचा, ही रीत उलटी आहे. आधी गरिबाच्या बाजूस उभे राहावे, त्याच्या मुक्तीच्या कार्यात हात घालावा, आणि त्या अनुभवाच्या उजेडात शास्त्र वाचावे. पाप केवळ व्यक्तीच्या अंतःकरणात नसते; ते जमिनीच्या मालकीत, कर्जाच्या कागदात, कायद्याच्या कलमात आणि गावाच्या रचनेतही घर करून राहते. बाबासाहेबांनी ज्याला परिस्थितीचा दोष म्हटले होते, त्याला आता पापाचे नाव मिळाले.

रोमला हा विचार सहजासहजी पचला नाही. १९८४ साली कार्डिनल रात्झिंगर यांच्या अधिपत्याखालील धर्मसिद्धांत खात्याने एक सूचनापत्र काढून मार्क्सवादी विश्लेषण डोळे मिटून स्वीकारण्याविरुद्ध इशारा दिला. १९८६ साली निघालेल्या दुसऱ्या पत्राचा सूर बराच सौम्य व विधायक होता. या वादात पुष्कळ धुरळा उडाला. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु रोमच्या आक्षेपातील एक मुद्दा धुरळा बसल्यावरही शिल्लक राहतो. वर्गाच्या संघर्षावाचून दुसरा मापदंडच उरला नाही, तर आजचा पीडित उद्या सत्तेवर आल्यावर त्याला कोण अडविणार? पीडिताची तक्रार ही केवळ तक्रार नसून तो हक्क आहे, असे म्हणण्यास आधार कोणता? हा आधार शोधू गेल्यास मनुष्य पुन्हा निसर्गनियमाच्या दारी येऊन उभा राहतो.

दिल्लीत हा विचार आला तो असा दोन्ही बाजूंनी तासला जाऊन. विद्याज्योतीत फादर सॅम्युएल रायन शिकवीत होते. १९२० साली केरळात जन्मलेला आणि २०१९ साली निवर्तलेला हा विद्वान भारतातील मुक्तिवादी ईशज्ञानाचा एक प्रमुख प्रवक्ता मानला जातो. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात त्याच काळी बायबलचे अभ्यासक जॉर्ज सोअरिस प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा अर्थ ‘येशूचा धर्म’ अशा भारतीय परिभाषेत लावीत होते. सेबास्टियन कापेन यांच्या १९७७ सालच्या येशू व स्वातंत्र्य या विषयावरील ग्रंथावर रोमहून आक्षेप आला. आणि १९८१ च्या ऑगस्ट महिन्यात नवी दिल्लीत तिसऱ्या जगातील ईशज्ञान्यांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे श्रीलंकेचे आलॉयसियस पियेरिस यांनी लॅटिन अमेरिकन मित्रांना एका गोष्टीची आठवण करून दिली. तिसरे जग गरीब आहे हे खरेच. पण त्यातील बहुसंख्य गरीब ख्रिस्ती नाहीत. त्यांचे देव वेगळे, त्यांचे संत वेगळे, मुक्तीची त्यांची स्वप्नेही वेगळी.

ही सूचना दिसते त्याहून अधिक दूरगामी आहे. पेरू किंवा ब्राझील येथे धर्मगुरूने बायबल उघडून जमीनदाराला जाब विचारला, तर जमीनदारही त्याच चर्चच्या बाकावर बसलेला असतो. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक शेकडा २.३ इतकेच आहेत. येथे मुक्तीची हाक संसदेत, न्यायालयात आणि ग्रामसभेत द्यावयाची, तर ती बायबलच्या भाषेत देऊन भागणार नाही. सर्वांना कळेल अशा मनुष्यधर्माच्या भाषेतच ती द्यावी लागेल. म्हणजे ज्या देशात निसर्गनियमाविषयी दलिताला सर्वांत अधिक संशय यावा, त्याच देशात दलिताच्या वकिलाला त्याची सर्वांत अधिक गरज पडते.

ही गोष्ट तात्त्विक वाटत असल्यास मद्रासच्या एका मोच्याची हकीकत ऐकावी. सूसै हे त्याचे नाव, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत कायमचे नोंदले गेले आहे. तो आदि द्रविड जातीत जन्मलेला. पुढे ख्रिस्ती झाला. रस्त्याच्या कडेला बसून तो वहाणा शिवीत असे. रस्त्यावर बसणाऱ्या अनुसूचित जातींच्या मोच्यांना फुकट टपऱ्या देण्याची एक योजना १९८२ साली तमिळनाडू सरकारने काढली. शेजारी बसणाऱ्या हिंदू मोच्यांना टपरी मिळाली. सूसैला मिळाली नाही. ऊन तेच, पाऊस तोच, आरी आणि रापीही तीच. पण अनुसूचित जातींविषयीच्या १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरे कलम असे होते की, हिंदूहून अन्य धर्म पाळणारा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. नवबौद्ध समाजाला केंद्राच्या सवलती मिळण्यास तेव्हापर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्रातील श्रोत्यांना सांगावयास नकोच. ख्रिस्ती व मुसलमान दलित मात्र त्या यादीबाहेर राहिले. हा आदेश १० ऑगस्टला निघाला, म्हणून दलित ख्रिस्ती तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सूसैची याचिका फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे लक्षात घेण्याजोगे आहे. ख्रिस्ती धर्मात गेल्यावरही जात उरते, एवढे दाखवून पुरत नाही. जातीमुळे येणारी सामाजिक व आर्थिक हीनता नव्या धर्मसमाजातही तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे अधिकृत पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे, आणि तसा पुरावा समोर आलेला नाही.

या निकालाने कॅथलिक धर्मपीठाला एका विलक्षण पेचात टाकले. मोच्याला न्याय मिळवून द्यावयाचा असेल, तर आमच्या चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, अशी कबुली आपल्याच तोंडाने द्यावी लागणार. आणि आमच्या धर्मात जात नाही, या तत्त्वाची शान राखावयाची असेल, तर मोची उन्हातच राहणार. तत्त्व खरे होते. पण नुसते तत्त्व पुढे करणे म्हणजे सरकारपक्षाचे काम सोपे करणे होते. शतकानुशतके जी गोष्ट वरून दिसत नव्हती, ती आता खालून साक्ष देऊन सिद्ध करावयाची होती. गावच्या चर्चमधील बाके वेगळी, मिरवणूक दलितवस्तीत न येणारी, तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती स्मशानभूमीत मेलेल्यांनाही विभागणारी भिंत, ही ती साक्ष. मुक्तीचे ईशज्ञान ज्याला पीडिताच्या अनुभवापासून आरंभ करणे म्हणते, ते येथे धर्मगुरूंच्या हौसेचा विषय राहिले नाही. न्यायालयाच्या मागणीमुळे ते आवश्यक होऊन बसले.

ही कबुली आली, पण सावकाश आली. जातिभेदाला ख्रिस्ती जीवनात स्थान नाही, असे भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९८२ सालीच तिरुचिरापल्ली येथे जाहीर केले होते. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूच्या बिशपांना रोममध्ये समज दिली की, ख्रिस्ती लोकांतील जातीय पूर्वग्रह हा मानवी एकात्मतेच्या विरुद्ध जाणारा आहे. आणि २०१६ च्या डिसेंबरात नवी दिल्लीत बिशप परिषदेने दलितांच्या सबलीकरणाविषयी जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते हे स्पष्टपणे मान्य करण्यात आले आणि तिला पाप म्हटले गेले. नोबिलीच्या काळी ज्या खणात जात ठेवली गेली होती, त्या खणातून ती काढून पापाच्या खणात ठेवण्यास जवळजवळ चारशे वर्षे लागली. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कार्डिनल झाले. दलित समाजातील हे पहिलेच कार्डिनल. पुण्यकर्म खरे, पण ज्या गावात भिंत आहे तेथे तिचा एक दगडही त्यामुळे हलत नाही, ही गोष्ट त्या समाजातील लोकच बोलून दाखवितात, आणि त्यांचे खोटे नाही.

पुरावा गोळा करण्याच्या कामात दिल्लीतील लोदी रस्त्यावरील इंडियन सोशल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांची परंपरा उपयोगी पडली. घटना समितीचे सभासद असलेले जेझुइट फादर जेरोम डिसोझा यांनी ही संस्था १९५१ साली पुण्यात काढली, आणि १९६३ साली ती दिल्लीस गेली. विस्थापन, आदिवासींच्या जमिनी, दलितांची स्थिती यांचा आकड्यांनिशी अभ्यास करणे हे तिचे काम. प्रवचनाच्या जागी पाहणी आणि उपदेशाच्या जागी नोंदवही, असा हा बदल होता. तो पाहून काही जुन्या धार्मिकांना हळहळ वाटली असेल तर नवल नाही. परंतु न्यायालयाने मागितलेला पुरावा प्रवचनांतून निघणारा नव्हता. पुढे २००८ साली दिल्ली विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अहवालात उपलब्ध अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला की, ख्रिस्ती व मुसलमान दलितांना हा दर्जा नाकारण्यास सबळ आधार सापडत नाही. त्याच्या आदल्या वर्षी न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली होती. मात्र आयोगाच्या सदस्य-सचिवांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदविले.

भिन्नमताची बाजूही हलकी लेखण्याजोगी नाही. जात ही हिंदू समाजरचनेतून निघाली. जो मनुष्य समतेचे वचन ऐकून ती रचना सोडून गेला, त्याने त्याच रचनेवरील उताऱ्याचा वाटा मागावा काय, असा एक प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. आज यादीत असलेले बांधवही गरीबच आहेत. वाटेकरी वाढले तर घास त्यांच्या ताटातून जाणार. मुक्तीच्या ईशज्ञानाने गरिबाच्या बाजूस उभे राहण्यास सांगितले खरे, पण एका पीडितासमोर दुसरा पीडित उभा राहिला तर कोणाच्या बाजूस उभे राहावे, हे त्यात लिहिलेले नाही. येथे वाटपाचा न्याय लागतो, कोणाची गरज किती आणि हक्क कोणता याचे मोजमाप लागते. आणि ते मोजमाप थॉमस यांच्या जुन्या शाळेनेच शिकविले आहे. नगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे आणि त्याच गावांतील बौद्ध कुटुंबे यांची घरे पुष्कळदा एकाच वस्तीत असतात, नाती एकमेकांत गुंतलेली असतात. सवलतीच्या कागदावर मात्र एक अनुसूचित जातीत आणि दुसरे इतर मागासवर्गात. गावाने ज्यांना एकाच विहिरीपासून दूर ठेवले होते, त्यांच्यामध्ये कागदाने ही नवी रेघ ओढली आहे.

२००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात १९५० च्या आदेशाविरुद्ध नव्या याचिका दाखल होत गेल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. बालकृष्णन हे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले दलित सरन्यायाधीश. अन्य धर्मांत गेल्यावर दलितांच्या चालीरीती, त्यांचा सामाजिक दर्जा आणि त्यांना सोसावा लागणारा भेदभाव यांत कोणता फरक पडतो, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. म्हणजे सूसैच्या खटल्यात जो पुरावा समोर आला नाही असे न्यायालय म्हणाले होते, तोच पुरावा गोळा करण्याचे हे काम. त्यासाठी आयोगापुढे येणारे साक्षीदार ईशज्ञानाचे प्राध्यापक असण्याचे कारण नाही. गावच्या चर्चमध्ये कोणत्या बाकावर बसविले जाते, मुलीचे लग्न कोठे जमते आणि मेल्यावर माती कोणत्या बाजूस मिळते, हे ज्यांना ठाऊक आहे अशीच माणसे तेथे लागणार होती.